घर बांधू की गोष्ट पुढे नेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळे खणून-रचून आपलं जग उभारायचा गेम, तुम्ही चार-पाच वर्षं मनापासून खेळलात, पण 'पुढे काय?' हे ते कधी सांगत नाही म्हणून कंटाळलात. मग बांधकाम आणि गोष्ट दोन्ही देणारे ठोकळ्यांचे रोल-प्लेइंग गेम घेतले. प्रत्येक वेळी वीस-पंचवीस तास तहानभूक विसरून खेळलात आणि एके दिवशी गेम सुरूच करावासा वाटेना. दोष माझा की गेमचा, आता कुठला घेऊ आणि धाकट्या भावाबरोबर खेळता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

माइनक्राफ्ट २०११च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण स्वरूपात आलं, त्याच्या थोडं आधीपासून मी ठोकळे रचतोय. मधली काही वर्षं मित्रांसाठी सर्व्हर चालवला, त्यावर स्वतः क्वेस्ट, म्हणजे खेळणाऱ्यांना द्यायच्या कामगिऱ्या, लिहिल्या, किल्ले उभारले आणि ते किल्ले लोकांनी कसे फोडले तेही पाहिलं. त्यामुळे खेळणाऱ्याच्या आणि मांडणाऱ्याच्या, दोन्ही बाजूंनी हात पोळलेले आहेत. माझ्या मते दोष तुमचा नाही. या प्रकारात दोन भुका एकाच ताटात वाढलेल्या असतात. बांधणाऱ्याला वाटतं की जग आहे तसंच राहावं, आज रचलेली भिंत उद्या जागेवर सापडावी. गोष्टीला मात्र गाव सोडून पुढच्या मुलखात जायचं असतं. या दोन्हींची शिवण गेमने कुठे घातली आहे ते बघा. तुमचं मन जिथे उडालं, ती जागा बहुतेक वेळा तिथेच सापडेल.

आधी मजेबद्दल बोलतो, कारण तक्रारी करताना ती विसरायला होते. पहिली रात्र आठवा. हातात धड हत्यार नाही, अंधार पडत चाललाय, टेकडीत दोन ठोकळ्यांचं भोक पाडून आत शिरायचं आणि मागचं तोंड मातीने बुजवायचं. त्याला घर म्हणवत नाही, बीळच ते. दुसऱ्या दिवशी त्याला दार लागतं, मग भट्टीला जागा हवी म्हणून एक खोली खणली जाते, मग पेट्या ठेवायला दुसरी. महिन्याभराने बघावं तर अख्खी टेकडी पोखरलेली असते आणि त्या सगळ्याचा आराखडा आपण कधी काढलेलाच नसतो. माझ्या एका जुन्या घरात जिना उगाच डावीकडे वळतो. उगाच म्हणजे काय, तिथे सरळ खणताना लाव्हा लागला होता आणि मी अंगावरच्या सगळ्या सामानासकट जळालो होतो. बघणाऱ्याला तो वाकडा जिना वाटतो. मला मात्र त्या वळणावर अजूनही पाय जपून टाकावासा वाटतो.

आणि दिवे. माइनक्राफ्टमध्ये प्रकाश ० ते १५ असा मोजला जातो आणि मशालीपाशी तो १४ असतो. २०२१च्या शेवटी आलेल्या बदलानंतर राक्षस फक्त पूर्ण काळोखात, म्हणजे शून्यावर उगवतात. त्याआधी सातपर्यंत उगवायचे. म्हणजे मशाल ही शोभेची वस्तू राहतच नाही. जिथवर आपण मशाली रोवल्या तिथवर आपलं राज्य. लांबच्या मोहिमेवरून रात्री परतताना डोंगराआडून आपल्याच खिडक्यांचा उजेड दिसतो, तेव्हा जो जीव भांड्यात पडतो, तो मला दुसऱ्या कुठल्याही प्रकारच्या गेमने दिलेला नाही.

बांधणं आणि गोष्ट यांची शिवण सर्वांत सफाईने घातली ती ड्रॅगन क्वेस्ट बिल्डर्सने, असं मी म्हणेन. १९८६च्या मूळ ड्रॅगन क्वेस्टमध्ये शेवटचा खलनायक नायकाला लालूच दाखवतो: माझ्याकडे ये, अर्धं जग तुझं. 'हो' म्हटलं की खेळ तिथेच आटोपायचा. २०१६ साली आलेल्या बिल्डर्सने विचारलं की नायक खरोखरच 'हो' म्हणाला असता तर? जग उजाड झालंय आणि माणसं वस्तू घडवायचीच विसरलीत. दोन काठ्या एकत्र बांधायचंही त्यांना सुचत नाही. तुम्ही तिथे नायक नाहीच, साधे बांधकाम करणारे आहात. दुसऱ्या भागात तर एक पंथ शिकवतो की काही घडवणं हे पाप आहे, विध्वंस हेच पुण्य. अशा जगात तुम्ही भिंत उभी केलीत की गोष्ट आपोआपच पुढे सरकते. एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला कथा असा तुटकपणा तिथे राहत नाही. त्यात तुमचा सोबती मालरॉथ. याला लढता येतं, फोडता येतं, पण घडवायला गेला की हातून काहीच साधत नाही. तुम्ही रचता आणि तो बाजूला उभा राहून कुढतो. मूळ मालिकेत हे नाव ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचा अंदाज येईल. ज्यांनी नाही त्यांच्यासाठी मी गप्प बसतो.

याच गेमची मला सर्वांत आवडलेली युक्ती म्हणजे खोली ओळखणं. माइनक्राफ्टमध्ये तुम्ही चूल, टेबल, फडताळ मांडून सुंदर स्वयंपाकघर केलंत तरी गेमच्या लेखी ते नुसते ठोकळेच. इथे पहिल्या भागात दोन ठोकळे उंच सलग भिंत, दार आणि एक दिवा असला की गेम म्हणतो, ही खोली झाली. छप्पर नसलं तरी चालतं. आत काय मांडलं आहे त्यावरून ती शयनगृह आहे की स्वयंपाकघर हे ठरतं आणि गावातली माणसं तिचा तसा वापर करू लागतात. आपण चूल मांडायची आणि थोड्या वेळाने कुणीतरी येऊन त्यावर खरोखरच रांधायचं, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पुढची क्वेस्ट सोडून त्या बाईकडे नुसता बघत बसलो होतो. टेरेरिया या दुसऱ्या ठोकळ्यांच्या गेममध्ये हेच अधिक कोरडेपणाने होतं. भिंती, दार, दिवा, टेबल, खुर्ची अशी पात्र जागा असली की व्यापारी किंवा परिचारिका राहायला येते. मात्र २०२०च्या मोठ्या अपडेटनंतर त्यांना शेजारी कोण आणि परिसर कुठला याच्याही आवडीनिवडी आहेत. नावडता शेजारी दिला तर ती माणसं वस्तूंचे भाव वाढवतात. गेमने माणसाचा हा स्वभाव बरोबर पकडलाय!

पण ही ओळखच पुढे डोकेदुखी होते. कोपऱ्यातला एक ठोकळा निसटला तर महालाची गणना 'काही नाही' अशी होते आणि ती फट शोधत तुम्ही भिंतीभोवती प्रदक्षिणा घालता. हौसेने चार वस्तू जास्त मांडल्या की खोलीची जातच बदलते. सुरुवातीला तुम्ही मनाजोगतं रचत असता. थोड्या दिवसांनी गेमने ठरवलेल्या यादीबरहुकूम मांडायला लागता, कारण बक्षीस तिलाच आहे. हा बदल इतका हळू होतो की लक्षात येत नाही. तुमच्या त्या वीस तासांनंतरच्या मरगळीत याचा मोठा वाटा असणार.

दुसरा वाटा पाटी कोरी करण्याचा. बिल्डर्सच्या पहिल्या भागात प्रत्येक प्रकरणाला नवा मुलूख. मागचं गाव, कमावलेली हत्यारं, शिकलेल्या कृती, सगळं मागे ठेवून जायचं. कथेच्या दृष्टीने ते बरोबर आहे आणि प्रत्येक प्रकरण छान आटोपशीरही होतं. पण पोटात गोळा येतो. पहिलं गाव मी तीन आठवडे सजवलं होतं, गच्चीवर कुंड्यासुद्धा मांडल्या होत्या. दुसऱ्या प्रकरणात हातात पुन्हा तो लाकडी सोटा आल्यावर मी गेम बंद केला तो थेट दोन महिन्यांनी उघडला. बनवणाऱ्यांना हे उमगलं असावं, कारण २०१८ साली जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी इतरत्र आलेल्या दुसऱ्या भागात त्यांनी एक कायमचं बेट दिलं. गोष्टीसाठी इतर बेटांवर जायचं आणि तिथली माणसं, कृती नि अनुभव घेऊन आपल्या बेटावर परतायचं. हातोडा झिजून तुटण्याची भानगडही काढून टाकली. पहिल्या भागात नसलेला, पात्राच्या डोळ्यांतून बघायचा कॅमेराही दिला. तोवर बंद खोलीच्या आत काही मांडायचं म्हणजे भिंतीत तोंड खुपसून काम केल्यासारखं होतं.

बाकीच्यांनी हीच गाठ आपापल्या परीने सोडवायचा प्रयत्न केला. ट्रोव्हने साहसाची जगं येती-जाती ठेवली, म्हणजे तिथे काही रचलंत तरी टिकत नाही. पण तुमचं छोटं घर तुमच्याबरोबर फिरतं: ठरावीक रिकामे चौथरे दिसतात, तिथे ते जसंच्या तसं उमटवायचं. गोगलगाईसारखं. सोय झकास आहे, पण मला त्या घराबद्दल माया कधी वाटली नाही, कारण त्याला परिसरच नाही. खिडकीबाहेर आज बर्फ, उद्या वाळवंट. एनश्राउडेड हा २०२४ साली अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच, खेळायला मिळालेला गेम. त्याने जास्त स्पष्ट रेघ मारली. तुम्ही ज्योतीची वेदी रोवता, तिच्या हद्दीत जे खणाल-रचाल ते कायम. हद्दीबाहेर डोंगर पोखरलात तरी जग पुन्हा लोड झालं की तो जसाच्या तसा उभा. ऐकायला जाचक वाटतं, पण मला ही तडजोड पटते. बनवणाऱ्यांनी रचलेले अवशेष आणि गुहा शाबूत राहतात आणि तुमचं घरही.

आणि ही रेघ चुकीच्या जागी पडली की काय होतं त्याचा धडा म्हणजे क्यूब वर्ल्ड. २०१३ साली त्याची अपुरी आवृत्ती आली तेव्हा आम्ही अक्षरशः वेडे झालो होतो. ठोकळ्यांचं अफाट जग, ग्लायडर, पाळीव प्राणी, चार प्रकारचे योद्धे. मग सहा वर्षं जवळजवळ शांतता. २०१९ला पूर्ण गेम आला तो वेगळाच. एका प्रदेशात कमावलेली बहुतेक हत्यारं सीमा ओलांडताच जवळपास निकामी. अनुभवाने ताकदीची लेव्हल चढत जाण्याची जुनी रीतही गेली. मुळात तिथे बांधकाम नावापुरतंच होतं, म्हणजे घराचा आधार नाही, आणि आता अंगावरचं कमावलेलंही जाणार. मग खेळणाऱ्याने धरून काय ठेवायचं? जुन्या चाहत्यांचा तेव्हाचा संताप मला रास्त वाटला होता.

आता मांडणाऱ्याच्या बाजूचं एक दुखणं सांगतो, कारण ते कळलं की गेमचे पुष्कळसे तऱ्हेवाईक नियम उलगडतात. आमच्या सर्व्हरवर मी एक किल्ला केला होता. तीन कोड्यांची दारं, फसवे मार्ग, आत एक भूत आणि त्याच्यामागे खजिन्याची पेटी. दोन आठवड्यांच्या संध्याकाळी त्यात गेल्या. पहिल्या गड्याने पहिल्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कुदळ काढली, मागच्या भिंतीतून सरळ बोगदा पाडला आणि दीड मिनिटात पेटी रिकामी करून निघून गेला. भूत बिचारं आत फेऱ्या मारतंय. चिडलो खरा, पण चूक माझीच होती. 'काहीही फोडता येईल' असं वचन देऊन मग 'पण हे दार मात्र कोड्यानेच उघड' असं म्हणायचं कसं?

मोठ्या गेमनाही हाच पेच पडतो. माइनक्राफ्टच्या समुद्रातल्या देवळात तीन थोरले राखणदार मासे असतात, ते जवळ येणाऱ्याला खणण्याचा थकवा आणतात. ५० ठोकळ्यांच्या आत आलात की पाच मिनिटं हात चालेनासा होतो. भिंत फोडता येतच नाही असं नाही, पण फोडत बसाल तर बुडाल. टेरेरियात जंगलातल्या मंदिराच्या विटा फोडणारी कुदळ त्या मंदिरातल्याच बॉसला, म्हणजे तिथल्या बड्या राक्षसाला, मारून मिळते. दाराची किल्ली आणखी वेगळ्या बॉसकडे. म्हणजे कुलूप भिंतीला नाही, अवजाराला. माइनक्राफ्टमध्ये लोखंडाला दगडी कुदळ, हिऱ्याला लोखंडी आणि ऑब्सिडियन या कठीण काळ्या दगडाला हिऱ्याची, ही उतरंडही तीच. रोल-प्लेइंगमधली 'लेव्हल' इथे हातातल्या अवजारात उतरते आणि मला ही रीत अनुभवाचे गुण मोजण्यापेक्षा कितीतरी अस्सल वाटते. जिथे मंतरलेली, मुळीच न फुटणारी भिंत समोर येते, तिथे मात्र मी उसासा टाकतो. काम झालं, पण वचन मोडलं.

सामानाबद्दल न बोलणं अशक्य आहे. माइनक्राफ्टच्या पिशवीत ३६ जागा, एका जागी फार तर ६४ नग, आणि जग मात्र शेकडो जातींच्या ठोकळ्यांचं. परतल्यावर तासभर पेट्या लावत बसायचं. त्यातही एक शांत सुख आहे, मी नाकारत नाही. पण एकदा हिशेब केला तेव्हा आठवड्यातल्या खेळापैकी निम्मा वेळ मी गोदामाचा कारकून होतो. साधी कॅमेऱ्याची धडपड, चुकून एक घर पुढे बसलेला ठोकळा, शिडीवरून घसरणं, हे सगळं खपवून घेता येतं. सामानाची ओढाताण मात्र माणसाला आतून थकवते आणि आपण कशाने थकलो ते कळतही नाही.

तर तुमच्या वीस-पंचवीस तासांकडे येऊ. माझं मत असं की एवढ्या वेळात गेमने शिकवायचं ते बहुतेक शिकवून झालेलं असतं. तोवर दर थोड्या वेळाने नवं अवजार, नवा ठोकळा हाती पडत होता. नंतर फक्त आकडे वाढतात: आता वीस नाही, दोनशे विटा आण. त्याच सुमाराला घरही पुरेसं झालेलं असतं आणि गोष्टीला त्या घराची गरज उरलेली नसते. दोन्ही भुका एकदम शमतात, पण पोट भरल्यासारखं वाटत नाही. बिल्डर्सच्या दुसऱ्या भागाने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. मोठा आराखडा टाकायचा, सामान पेटीत भरायचं आणि गावकरी स्वतः येऊन रचू लागतात. पिरॅमिडएवढं काम तुमच्या डोळ्यांदेखत चढत जातं. तरीही त्याच गेममध्ये सुरुवातीच्या जहाजावरचं शिकवणं इतकं रेंगाळतं की मी दोघांना तिथेच गेम सोडून देताना पाहिलंय.

आता कुठला घ्यायचा. गोष्ट हवी असेल तर बिल्डर्सचा दुसरा भाग, पहिला न खेळता. पहिला नंतर उतारा म्हणून खेळा, त्यातली उदासी जास्त खोल आहे. कथेच्या बेटांवर कामापुरतंच बांधा, नक्षी स्वतःच्या बेटासाठी राखून ठेवा, म्हणजे निघताना जीव तुटणार नाही. लढाई आणि भटकंती जास्त हवी असेल तर एनश्राउडेड, पण त्याला तगडा संगणक लागतो. टेरेरिया सपाट दिसतो म्हणून मागे टाकू नका. बॉस, अवजारं आणि घर यांची वीण त्यात सर्वांत घट्ट आहे, आणि चांगला खेळायला लागलात तर वीस तासांत अर्धाही होणार नाही. माइनक्राफ्टकडे परतावंसं वाटलं तर मेल्यावर सामान अंगावरच राहील अशी सेटिंग बिनदिक्कत सुरू करा. लाव्ह्यात सगळं गमावून शौर्य सिद्ध करायचं वय माझं तरी गेलं.

दोन सवयी लावून बघा. मोहिमेवर निघण्याआधी घरात काहीतरी मुद्दाम अर्धवट सोडा, एखादी न झालेली गच्ची किंवा बिनकाचेची खिडकी. परतायला कारण राहतं. आणि जगाच्या फाइलची प्रत काढून ठेवा. एका गेमच्या अपडेटनंतर माझं दोन वर्षांचं जग उघडेनासं झालं होतं. त्यातल्या त्या वाकड्या जिन्याची माझ्याकडे आता फक्त दोन चित्रं आहेत.

भावाबरोबर खेळायचं तर आधी नीट बघून घ्या. बिल्डर्सच्या दुसऱ्या भागात गोष्ट एकट्यानेच खेळायची असते. पहिलं बेट पार केल्यावर चार जणांपर्यंत एकत्र येता येतं, तेही फक्त तुमच्या कायमच्या बेटावर, आणि एका पडद्यावर नाही. एकाच टीव्हीसमोर दोघांनी बसायचं असेल तर कन्सोलवरचा पोर्टल नाइट्स घ्या. योद्धा, धनुर्धर, जादूगार असे वर्ग, पोर्टलने जोडलेली छोटी छोटी बेटं, पडदा दुभागून दोघांचा खेळ. गोष्ट यथातथाच आहे, पण लहानग्याला बेटामागून बेट उघडण्याची गोडी लागते. एनश्राउडेडमध्ये १६ जण मावतात. आम्ही चौघेच होतो, तरी पहिल्या संध्याकाळी एकाही राक्षसाला न मारता छप्पर उतरतं करायचं की सपाट यावर तासभर वाद झाला. शेवटी दोन घरं झाली, दोन वेद्यांवर, आणि मधल्या ओढ्यावर कुणीतरी रात्री गुपचूप पूल टाकून ठेवला. तो कुणी टाकला हे अजून कबूल झालेलं नाही.